एल कमिनो की रँचेरो: जुनी मोटार-पिकअप ओळखायची कशी, भाव लावायचा कसा

पुढून सेडान आणि मागे हौदा. अमेरिकेत ही कल्पना फोर्डने 1957 मध्ये रँचेरो म्हणून आणली, आणि दोन वर्षांनी शेव्हरोलेने एल कमिनो काढली. हौदा वेगळा बसवलेला नसून बॉडीतच घडवलेला असेल, तर गाडी याच जातीची.

आधी साल ठरवा. मागे वटवाघळाच्या पंखांसारखे आडवे पर असलेली एल कमिनो 1959ची. 1961 ते 1963 ती बनलीच नाही, त्यामुळे कोणी ‘बासष्टची एल कमिनो’ विकत असेल तर हसून पुढे जा. 1964 पासून ती शेव्हेल या शेव्हरोलेच्याच मोटारीच्या सांगाड्यावर आली आणि 1987 पर्यंत टिकली. जीएमसी या जनरल मोटर्सच्याच ट्रक-ब्रँडच्या स्प्रिंट आणि कॅबालेरो तिच्याच बहिणी. रँचेरो 1960 मध्ये फोर्डच्या छोट्या फाल्कन मोटारीवर गेली, पुढे फेअरलेन, टोरिनो अशा फोर्डच्याच मोटारी करत 1979 ला संपली.

आता खरी गोम. एल कमिनोत सगळ्यात जास्त पैसा ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट, म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती) या दोन अक्षरांना मिळतो, आणि ती अक्षरं तर चार स्क्रूंनी बसतात! म्हणून बिल्ल्याकडे बघू नका, चासी नंबर वाचा. 1968 पासून तो डॅशबोर्डवर, चालकाच्या बाजूला, काचेतून दिसतो. 1968च्या एसएसचा नंबर 13880 ने सुरू होतो. 1970 च्या एसएसचा 13680 ने व्हायला हवा. सुरुवातीला 134 दिसला तर ती एसएस नाही, विषय संपला. पण 13680 साध्या व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या ‘कस्टम’ आवृत्तीलाही असतो, म्हणजे नुसत्या नंबराने एसएस सिद्ध होत नाही. त्यासाठी बिल्ड शीट हवी, कारखान्यात जुळणीसाठी वापरलेला कागद. पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत तो अजून अडकलेला सापडतो. मग गाडीखाली वाकून मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजा: एसएसला बारा. अर्थात अख्खा ॲक्सल बदलणारेही असतात.

रँचेरो या बाबतीत सरळ. साठीच्या दशकापासून तिच्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. 1970-71 मध्ये सी किंवा जे असेल तर 429 कोब्रा जेट हे फोर्डचं ताकदवान इंजिन, म्हणजे भारी माल. शिवाय 1967 पासूनच्या फोर्डची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्टमधून पैसे भरून मिळते.

इंजिन दुरुस्त होतं, पत्रा मात्र खिसा कापतो. लोहचुंबक घेऊन मागच्या चाकांवरचा पत्रा तपासा. चिकटत नसेल तिथे पुट्टी भरली आहे. हौद्याची जमीन आणि सीटमागचा, हौद्याखालचा कप्पा उघडून बघाच. पाणी तिथेच साचतं.

भावासाठी हॅगर्टी या जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या विमा कंपनीच्या चार श्रेणी सोयीच्या: पहिली प्रदर्शनातली, चौथी चालणारी पण दोष उघड दिसणारी. विक्रेता स्वतःची गाडी दुसरीत घालतो. तुम्ही तिसरीपासून सुरुवात करा. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच साला-इंजिनाच्या गाड्यांचे आकडे काढा. जाहिरातीतला भाव म्हणजे मालकाची इच्छा. लिलावाच्या आकड्यातून पत्र्याच्या कामाचा लेखी अंदाज वजा करा, आणि कागद नसलेल्या एसएसला साध्या व्ही-8 चाच भाव द्या.