चर्च बंद असताना मुलांचे धर्मशिक्षण घरी कसे चालवावे

२५ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे टाळेबंदी लागली तेव्हा ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ निम्म्याहून जास्त सरला होता. वसईच्या धर्मग्रामांतले (पॅरिशमधले) रविवारचे वर्ग थांबले आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या संस्काराला, बसलेली मुले घरात अडकली. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. तेवढ्या काळात घराघरांतून काय जमले आणि काय फसले, त्यावरून ही पद्धत लिहिली आहे. साथ पुन्हा आली, किंवा घरात कोणी दीर्घकाळ आजारी असले, तरी ती चालेल.

सर्वांत जास्त फसलेली गोष्ट म्हणजे रविवारचा वर्ग उचलून जसाच्या तसा फोनवर नेणे. मूल आठवडाभर शाळेसाठी त्याच पडद्यासमोर बसलेले असते. घरात फोन एक आणि मुले दोन. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत तुटते, त्यातली पहिली दहा ‘आवाज येतोय का’ विचारण्यात जातात. धर्मशिक्षकाने आठवड्याला एक पान पाठवावे, पालकांना फोन करावा आणि मुलांना पंधरा दिवसांतून एकदा पडद्यावर भेटावे, तेवढे पुरे. बाकीचे काम घराचे आहे. कॅनन कायद्याचे (कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्याचे) ९१४वे कलम पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीची जबाबदारी सांगताना आधी पालकांचे नाव घेते, मग धर्मगुरूंचे. पण पालकांनी गुरुजी व्हायचे नाही. फळा, गृहपाठ, गुण काही नको. घराचे जे वेळापत्रक आधीच आहे, म्हणजे सकाळचा चहा, तिन्हीसांजा, जेवण आणि झोप, त्यातच प्रार्थना बसवायची.

जागा आणि सामान

घरच्या प्रार्थनेच्या वेदीसाठी वेगळी खोली लागत नाही. भिंतीजवळचे एक स्टूल किंवा कपाटाचा एक खण पुरतो, मात्र रोज तोच. त्यावर क्रूस, उघडे बायबल, मेणबत्ती आणि पाण्याची वाटी ठेवा. चर्चमधून आणलेले आशीर्वादित पाणी असेल तर ते. नसेल तर वाटी रिकामी ठेवलेली चालेल, घरच्या नळाच्या पाण्याला तीर्थ म्हणू नका. खाली अंथरायला उपासनेच्या काळाचा रंग: आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळ जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानकाळ पांढरा, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याचा सण) लाल, सामान्यकाळ हिरवा. आईच्या जुन्या साडीचा तुकडा किंवा ओढणी उत्तम. कापड बदलण्याचे काम सर्वांत धाकट्याकडे द्या. पांढऱ्याचा हिरवा का झाला, हा प्रश्न तेच विचारते आणि निम्मा धडा तिथेच होतो.

एक धोका सांगायलाच हवा. सॅनिटायझरमध्ये ज्वलनशील अल्कोहोल असते. हातांना ते चोळून लगेच काडी ओढली तर हात पेट घेऊ शकतो, आणि उजेडात ती ज्योत चटकन दिसतही नाही. प्रार्थनेआधी हात साबणाने धुवा. सॅनिटायझरची बाटली वेदीपासून लांब ठेवा.

वाचनासाठी लहानांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल सोपे जाते. वाक्ये लहान आहेत आणि मूल अडखळत नाही.

रविवारची उपासना, अर्ध्या तासाची

मिस्सेला (चर्चमधल्या ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला) जाणे अशक्य असेल तेव्हा काय करावे हे कॅनन कायद्याचे कलम १२४८ सांगते: एकट्याने किंवा कुटुंबाने योग्य तितका वेळ प्रार्थना करावी. म्हणजे पडद्यावरची मिस्सा हा एकच मार्ग नाही. ती पाहायचीच तर आपल्या धर्मग्रामाची, थेट प्रक्षेपणाची पाहा. उभे राहायचे तिथे उभे राहा, गुडघे टेकायचे तिथे टेका आणि उत्तरे मोठ्याने द्या. फोनचा आवाज कमी पडला तर तो स्टीलच्या कोरड्या भांड्यात उभा ठेवा. नाश्त्याची ताटली हातात घेऊन पाहिलेली मिस्सा मुलाच्या लेखी मालिकेचा एक भाग ठरते. पालकांनी बोलून दाखवले नाही तरी त्याला ते कळते.

मिस्सेच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी घरची उपासना अशी घ्यावी. उदाहरण १९ एप्रिल २०२० चे घेऊ. तो पुनरुत्थानकाळाचा दुसरा रविवार होता आणि शुभवर्तमान होते योहान २०:१९-३१, शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते तो प्रसंग. टाळेबंदीत याहून नेमका उतारा मिळाला नसता.

सुरुवातीला मुलाला घराचा दरवाजा लावून कडी घालायला सांगा. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकावा. मग सर्वांना पाठ असलेल्या गीताचे एक कडवे. वाचन तिघांत वाटा: निवेदक, येशू आणि शंका घेणारा शिष्य थोमा. थोमा किशोरवयीन मुलाला द्या, शंका घेणे त्याला आवडते. उरलेली वाक्ये निवेदकाची. एकदा वाचून झाले की मिनिटभर गप्प बसा आणि लगेच दुसऱ्यांदा वाचा. पहिल्या वाचनात मूल फक्त आपली पाळी कधी येते ते पाहत असते.

मग दोनच प्रश्न. शिष्य कशाला घाबरले होते? येशू आत आल्यावर पहिले काय म्हणाला? उत्तर उताऱ्यातच आहे: ‘तुम्हांला शांती असो.’ इथे बहुतेक पालक घसरतात आणि दहा मिनिटांचे प्रवचन देतात. नको. मुलाने चुकीचे उत्तर दिले तर ‘परत वाचून बघू’ एवढेच म्हणा. थोमा भारतात आला ही आपली परंपरा आणि ३ जुलैचा त्याचा सण, एवढी भर पुरे.

पुढे श्रद्धावंतांच्या प्रार्थना, प्रत्येकाने एक, नाव घेऊन: शेजारच्या काकी, परिचारिका असलेली मावशी, रोजगार गेलेला दादा. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणा आणि हात जोडून एकमेकांना शांती द्या. नंतर आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद, म्हणजे येशूने मनात यावे अशी प्रार्थना. मोठ्यांची प्रार्थना लहानांना जड जाते, त्यांना अशी चालते: ‘येशू, मला तू हवा आहेस. आज ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, तरी माझ्या हृदयात ये.’ शेवटी आईवडिलांनी प्रत्येक मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करावी. हा आशीर्वाद देण्याचा पालकांना अधिकार आहे. घरात कोणी विलगीकरणात असेल तर दारातूनच हात उचलून खूण करा.

भाकरी-द्राक्षरस घेऊन मिस्सेची नक्कल मात्र करू नये. हौसेने केली तरी मुलाच्या मनात खरी मिस्सा आणि घरची भाकरी यांची सरमिसळ होते, आणि ती पुढे निस्तरायला फार वेळ लागतो.

रोजची जपमाळ

आपल्याकडे तिन्हीसांजेची जपमाळ नवी नाही, म्हणून ती सर्वांत लवकर रुजते. पोप फ्रान्सिस यांनी २५ एप्रिल २०२० च्या पत्रात मे महिन्यात घरी जपमाळ म्हणण्याचे आवाहन केले होते. पाच दशके (एका दशकात दहा वेळा ‘नमो मारिया’ ही मरियेची प्रार्थना) म्हणायला साधारण वीस मिनिटे लागतात. सहा वर्षांखालच्या मुलाला एकच दशक पुरे, मग त्याला उठून जाऊ द्या. ताणून बसवलेले मूल तिसऱ्या दिवसापासून झोप आल्याचे सोंग करते. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात आणतात, त्याला रहस्य म्हणतात: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्ये, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवार प्रकाशाची. प्रकाशाची रहस्ये २००२ साली आली, त्यामुळे आजीला ती पाठ नसतील, ती नातवाने सांगावीत. रहस्याचे नाव घेतल्यावर दहा सेकंद थांबा.

माळ घरी ओवायची असेल तर ५९ मणी लागतात, ५३ लहान आणि ६ मोठे.

आखातातल्या माणसांना फोनवर घ्यायचे असेल तर आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे कुवेतचे संध्याकाळचे सहा आणि दुबईचे सात. सगळ्यांनी माइक उघडे ठेवले की आवाज मागेपुढे होतो आणि नमो मारिया एकमेकींवर आदळतात. एकाने पहिला अर्धा म्हणावा, दुसऱ्या घरातल्या एकानेच दुसरा, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावे. दर दशकाला जोडी बदला.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी

कॅनन कायदा मुलाकडून वयाला साजेल एवढीच समज मागतो. पाठांतराची स्पर्धा नाही. प्रार्थना या क्रमाने घ्या: क्रूसाची खूण, आमच्या बापा, नमो मारिया, त्रित्वस्तुती, पश्चात्तापाची प्रार्थना, मग प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा आणि सात संस्कार. विश्वासांगीकार आठवड्याला दोन ओळी या गतीने घ्या. पाठ झाला का हे पाहायचे तर पहिल्यापासून म्हणवून घेऊ नका, मधली ओळ सांगून पुढची विचारा. सुरात धडाधड म्हणणारे मूल इथे हमखास अडकते.

ख्रिस्तप्रसाद हातावर घेण्याचा सराव रिकाम्या हाताने करा: डावा तळहात वर, उजवा त्याच्या खाली, ‘आमेन’ स्पष्ट, एक पाऊल बाजूला, मग उजव्या हाताने तोंडात. मास्क कधी खाली करायचा तेही ठरवून घ्या, नाहीतर ऐन वेळी दोन्ही हात गुंततात. पोळीच्या तुकड्यावर ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द वापरू नका. एक तासाचा उपवास, त्यात पाणी आणि औषध चालते, हे आजीआजोबांनाही सांगा, कारण बिस्किट तेच देतात.

कुमसाराबद्दल (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याच्या संस्काराबद्दल) बराच गोंधळ झाला. फोनवर किंवा व्हिडिओवर कुमसार होत नाही. धर्मगुरू भेटणे शक्यच नसेल तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच कुमसार करीन असा निश्चय करावा. २० मार्च २०२० च्या मिस्सेत पोप फ्रान्सिस यांनी नेमके हेच सांगितले होते, आणि ही ख्रिस्तसभेची जुनीच शिकवण आहे. मुलासाठी झोपताना तीन प्रश्न: आज कशाबद्दल आभार मानू? कोणाला दुखावले? उद्या काय दुरुस्त करू? उत्तरे मनातल्या मनात. मुलाने आपली चूक आईबाबांपुढे कबूल करावी असा आग्रह धरला की ते कुमसार राहत नाही, चौकशी होते, आणि पुढे खऱ्या कुमसाराचीही मुलाला धास्ती बसते.

पवित्र आठवडा

हा घरी उत्तम होतो. झावळ्यांच्या रविवारी अंगणातली नारळाची झावळी चालते. पाती हिरवी असतानाच क्रूस विणा, वाळली की मोडतात. पवित्र गुरुवारी परात, तांब्या आणि टॉवेल घ्या. बाबांनी धाकट्याचे पाय धुवावेत, धाकट्याने आजीचे. २०२० मध्ये चर्चमधला पाय धुण्याचा विधी वगळलाच होता. शुभ शुक्रवारी चौदा चिठ्ठ्यांवर क्रूसाच्या वाटेची (येशूच्या अखेरच्या वाटचालीची) चौदा स्थाने मुलांकडून लिहून घ्या आणि दारापासून गॅलरीपर्यंत चिकटवा. एका खोलीच्या घरात भिंतीवर ओळीने लावा, प्रत्येक स्थानापाशी एक पाऊल सरका.

मोठी मुले आणि अवघड प्रश्न

तेरा-चौदाच्या पुढची मुले वेदीपाशी आणून बसवली की रुसतात. त्यांना काम द्या: वाचन निवडणे, फोन लावणे, समूहातल्या विलगीकरणात असलेल्या घरांना वाणसामान पोचवणे. ‘देवानेच कोरोना पाठवला का?’ असा प्रश्न आला तर शिक्षा हे उत्तर देऊ नका. योहान ९:१-३ वाचा, जिथे येशू जन्मांधाबद्दल तसे म्हणायला नकार देतो. आणि मार्क ४:३५-४१ मधले वादळ वाचा. २७ मार्च २०२० ला पावसात भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस याच उताऱ्यावर बोलले होते. उत्तर अपुरे वाटले तर तसे कबूल करा.

घरात मृत्यू झाला आणि अंत्यविधी चर्चमध्ये झाला नाही, तर मुलाला ‘आजोबा गावी गेले’ असे सांगू नये. काय झाले ते साध्या शब्दांत सांगा, फोटो वेदीजवळ ठेवा आणि रोजच्या जपमाळेनंतर त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. दहन करावे लागले असेल तर त्यात पाप नाही, ख्रिस्तसभा त्याला परवानगी देते. अस्थी मात्र घरात न ठेवता दफनभूमीत ठेवाव्यात. त्यांच्यासाठीची मिस्सा नंतर सांगता येते.

चर्च उघडण्याआधी

एका वहीत तारखेनिशी नोंद ठेवा: कोणती प्रार्थना पाठ झाली, कोणते शुभवर्तमान वाचले, मुलाने काय विचारले. वर्ग सुरू झाले की धर्मशिक्षक वहीवरून पुढचे धरतो, पहिल्यापासून सुरुवात करत नाही. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल तर त्याचा दाखला आताच फोन करून मागून ठेवा. कार्यालय उघडताच सगळे एकदम धावतात, आणि दाखल्यावाचून पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या यादीत नाव चढत नाही.