‘तुमच्या पिढीनंच वाटोळं केलं’ म्हणण्याआधी

घर परवडत नाही, नोकरीची शाश्वती नाही, हवामान बिघडलंय. राग खोटा नसतो. पण तो सरसकट ‘म्हाताऱ्यांवर’ काढला की हाती काही लागत नाही, कारण पिढीला समोर बसवून जाब विचारता येत नाही.

आधी तक्रार एका वाक्यात कागदावर लिहा. त्यातले ‘पिढी’, ‘सगळे’, ‘नेहमी’ हे शब्द खोडा आणि त्या जागी कोणता निर्णय, कोणत्या वर्षी, कोणी घेतला ते भरा. भरता आलं नाही, तर तो नुसता त्रागा. तो मित्रापाशी खुशाल करा, घरातल्या मोठ्यांवर नको.

मग वयाचं गणित. निर्णयाच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करा. १९५५ साली जन्मलेली बाई १९७० मध्ये १५ वर्षांची होती; तेव्हाच्या धोरणाचं खापर तिच्या माथी फोडता येत नाही. १९९५ मध्ये मात्र ती चाळिशीची. जीवाश्म इंधनांतून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा १९९० नंतरचा आहे, म्हणजे इथे तिला प्रश्न विचारायला जागा आहे. (आज जे चाळिशीत आहेत, त्यांनाही. हे सोयीस्करपणे गाळलं जातं.)

सगळ्यांत जास्त घोळ तुलनेत होतो. ज्येष्ठांकडे पैसा जास्त दिसतो, तो ३०-४० वर्षांच्या बचतीमुळे, आत्ताच्या परिस्थितीमुळे, की ठरावीक वर्षी जन्मल्यामुळे? एकाच वर्षाच्या आकड्यांवरून हे सुटत नाही, कारण चालू वर्षातून वय वजा केलं की जन्मवर्षच येतं. तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या. म्हणून आजच्या तिशीतल्यांना आजच्या सत्तरीतल्यांशेजारी उभं करू नका. सत्तरीतले तिशीत असताना त्यांचं काय होतं, ते शोधा.

घराचंच घ्या. नुसती किंमत पाहू नका. किंमत भागिले वार्षिक उत्पन्न काढा आणि शेजारी कर्जाचा व्याजदर लिहा. अमेरिकेत ऑक्टोबर १९८१ मध्ये ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर १८ टक्क्यांच्या वर होता. यातला एकच आकडा उचलला, तर भांडण कोणालाही जिंकता येतं.

एवढं झालं की बोलायला बसा. विषय एकच, वेळ अर्धा तास. सुरुवात प्रश्नाने करा: ‘तेव्हा तुमच्यापुढे दुसरा कोणता पर्याय होता?’ आणि गप्प राहा.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ सुरू होणारच. तोडू नका, आकडे विचारा: पहिला पगार किती, त्यातून भाडं किती जायचं? लोकांना रक्कम लक्षात राहते, तिचं पगाराशी असलेलं प्रमाण नाही. ते मांडलं की बहुतेकदा आवाज खाली येतो, दोन्ही बाजूंचा.

‘तुम्हाला मोबाइल तरी नीट येतो का?’ असलं वाक्य तोंडातून गेलं की मूळ मुद्दा संपला. पुढचं सगळं अपमानाबद्दल होतं. तसं झालंच तर तिथेच माफी मागून त्या दिवशी थांबा.

मागणी शेवटी, आणि नेमकी: हिशेबाचे कागद दाखवा, अमुक निर्णयात मला विचारा. धोरणाबद्दलची तक्रार मात्र आज खुर्चीवर असलेल्यांकडे न्या, मग त्यांचं वय काहीही असो.