जुना गिझर काढून दुसरीकडे बसवताना आधी भिंत बघा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी नळ आणि वायरिंग दोन्ही कामं करतो, त्यामुळे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात माझा फोन थांबत नाही. मुंबई-पुण्याची माणसं गावच्या घरी यायची असतात, सकाळी ओळीने आंघोळी व्हायच्या असतात आणि वर्षभर कुरकुरत चाललेला गिझर नेमका तेव्हा मान टाकतो. घाईत जुन्याच जागी, जुन्याच वायरवर नवा डबा टांगला जातो. जागा बदलायची असेल तर हे काम एप्रिल-मेमध्ये काढा. पाऊस लागल्यावर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत ओल धरते.

जागा का बदलायची? आमच्याकडच्या जुन्या घरांत न्हाणी मागे, विहिरीच्या बाजूला. तिथे भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, होतं, खाली नारळाची सोडणं-करवंट्या जळायच्या. वीज आली तेव्हा भाणाच्याच डोक्यावर गिझर लागला. आता म्हातारी माणसं पुढच्या खोलीत झोपतात, तिथेच लागून नवं बाथरूम बांधलेलं असतं आणि गरम पाणी मात्र अख्खं घर ओलांडून येतं. शिरोड्याच्या एका घरात पाइप दहा मीटरचा, पाऊण इंची. एवढ्या पाइपात अडीच लिटर पाणी मावतं. म्हणजे दर वेळी अडीच लिटर गार पाणी सांडायचं, मग गरम यायचं, आणि नळ बंद केल्यावर पाइपातलं गरम पाणी निवून फुकट जायचं. घरच्या काकी म्हणाल्या, "बाबा, मोठा गिझर लावूया, मग गरम येईल." मी म्हटलं, "काकी, गिझर मोठा नको, जवळ पाहिजे."

जागा ठरवताना पहिला प्रश्न भिंतीचा. पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये पंचवीस किलो पाणी, वर डब्याचं वजन. पस्तीस किलोच्या पुढे ओझं एका कोपऱ्यात लटकतं. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. त्यात फास्टनर (भिंतीत फुगून पकडणारा बोल्ट) ठोकला की सुरुवातीला घट्ट वाटतो, पण आतला दगड भुगा होत जातो आणि वर्ष-दोन वर्षांत बोल्ट हलायला लागतो. दोन चिऱ्यांच्या सांध्यात तर ठोकूच नका. दुकानाचा 'फुकट फिटिंग'वाला मुलगा दहा मिनिटांत चार भोकं पाडून निघून जातो. त्याचा दोष नाही, त्याला विटांची भिंत माहीत. मी दोनपैकी एक करतो. भिंत फार जाड नसेल तर बोल्ट आरपार काढून बाहेरून लोखंडी पट्टी लावतो. जाड असेल तर वीतभर खोल खाचा पाडून, बोल्ट आत उभे करून काँक्रीट भरतो आणि आठवडाभर पाणी मारतो. मातीच्या सांध्यांची जुनी भिंत असेल तर तिच्यावर काहीच टांगायचं नाही. लोखंडी अँगलचा घोडा (स्टँड) करून जमिनीवर उभा करायचा. दिसायला बरा नाही, पण रात्री झोप लागते. कौलारू घरात वाशाला लटकवायचा हट्ट करणारेही भेटतात. त्यांना मी हात जोडतो. आणि कौलांची पन्हळ जिथे गळते, तिच्याखाली गिझर नको.

उभा गिझर आडवा करता येत नाही. उंची कमी असेल तर आडवाच विकत घ्या आणि नळ्या डावीकडे हव्यात की उजवीकडे हे आधी ठरवा.

लिटरचं गणित सोपं आहे. पंचवीस लिटर पाणी सत्तावीसवरून साठ अंशांवर न्यायला साधारण एक युनिट लागतं, दोन किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास. तीन लिटरचे इन्स्टंट (वाहतं पाणी लगेच तापवणारे) गिझर भिंतीवर हलके बसतात, पण तीन किलोवॉटचा इन्स्टंट आंघोळीजोगं पाणी मिनिटाला तीन-सव्वातीन लिटरच देतो. स्वयंपाकघराला ठीक. बादली भरायला थांबणारा माणूस शिव्या देतो.

जुना उतरवायचा तेव्हा नुसतं बटण बंद करून चालत नाही, बोर्डातली एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारी कळ) पाडा आणि टेस्टरने खात्री करा. मग येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, गरम पाण्याचा नळ उघडा. उभ्या गिझरमध्ये गरम पाणी वरून निघतं, म्हणून त्या नळातून टाकी रिकामी होत नाही. तिथून फक्त हवा आत जाते. पाणी उतरतं ते गार पाण्याच्या नळीतून, तेही त्या नळीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) दांडी उचलल्यावर किंवा व्हॉल्व्ह सोडवल्यावर. खाली बादल्या ठेवा. तासभर आधी गिझर चालला असेल तर हात भाजेल, घाई करू नका.

नव्या जागेसाठी मेन बोर्डापासून वेगळी वायर. दिव्याच्या लाइनवरून ओढलेली चालणार नाही. दोन किलोवॉटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो. अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, लांब असेल तर चार, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि स्विच बाथरूमच्या बाहेर. बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारी कळ) नसेल तर मी गिझर जोडत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. जुन्या घरांत अर्थिंगच नसतं किंवा नावापुरती नळी पुरलेली असते. आमची जांभी जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक होते आणि अर्थिंग निकामी पडतं. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओता, नाहीतर नवा खड्डा तुळशीच्या वाफ्याजवळ घ्या, तिथे रोज पाणी पडतं.

गरम पाण्याला साधा पीव्हीसी नको, तो तापून मऊ पडतो. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) घ्या, पण गिझरच्या तोंडाशी आधी धातूची जोडणी द्या. गरम पाइप वाढतो: दहा मीटरचा पाइप चाळीस अंशांनी तापला तर अडीच सेंटीमीटर. म्हणून सरळ लाइन दोन्ही टोकांना आवळून टाकू नका, मध्ये वळण सोडा. पाइप चिकटवायच्या सिमेंटच्या (गोंदाच्या) डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. सांधे सुकायच्या आत पाणी सोडायला सगळेच अधीर असतात.

सेफ्टी व्हॉल्व्हची नळी जमिनीपर्यंत आणा. पाणी तापलं की फुगतं, पंचवीस लिटरला पाव-अर्धा लिटर, आणि ते थेंब तिथून पडतात. हे थेंब बघून त्या तोंडाला बूच मारणारे महाभाग आहेत. असं कधीही करू नका, टाकीतला दाब बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही.

पहिल्यांदा चालू करताना गरम नळातून सलग, न फुरफुरता पाणी येईपर्यंत वीज लावायची नाही. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते. थर्मोस्टॅट साठवर ठेवा. सांधे एकदा गार असताना आणि एकदा तापल्यावर हाताने फिरून बघा; गळती बहुधा दुसऱ्या वेळी सापडते.

आतली मॅग्नेशियमची कांडी दोन वर्षांनी उघडून बघा. खाडीकाठच्या खारट विहिरीचं पाणी असेल तर दर वर्षी. ती झिजते म्हणून टाकी टिकते, आणि ती बदलायला गिझरच्या किमतीच्या मानाने फार कमी पैसे लागतात.

गॅस गिझर हलवायचा असेल तर बंद बाथरूममध्ये आणायचाच नाही. मागच्या पडवीत, उघड्यावर. गॅस जळताना निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जुन्या जागेकडे शेवटी वळा. तिथली वायर टेप गुंडाळून लटकत ठेवू नका, मेन बोर्डातूनच सोडवून काढा. जुन्या लोखंडी पाइपांची तोंडं प्लगने बंद करा. आणि जुना डबा तांब्याच्या टाकीचा असेल तर भंगारवाला येण्याआधी घरच्या काट्यावर वजन करून ठेवा. पत्र्याच्या भावात तांबं द्यायचं कारण नाही.