हिरवट पडलेला नवा पैसा

1950 च्या आण्यांपासून पुढे, प्रत्येक प्रकारचं एकच नाणं असा अल्बम लावतोय. सुरुवातीला साल किंवा टांकसाळीची खूण (मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा) बदलली की नवा कप्पा द्यायचो. पानं संपली, संच अपुराच. मग ठरवलं, धातू, आकार किंवा छाप बदलली तरच कप्पा. 'एक नया पैसा'ला दोनच लागले: आधी कांस्य, 1962 पासून निकेल-पितळ.

खरा घोर लावला तो पानांनी. मऊ पीव्हीसीमुळे कांस्याच्या पैशावर हिरवट, चिकट थर आला. चिंचेने घासायचा मोह आवरला, कारण आम्ल धातूच खातं आणि जुनी झळाळी कायमची जाते. शुद्ध अ‍ॅसिटोन आणलं (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल-सुगंध असतात). खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, काचेच्या वाटीत दहा मिनिटं बुडवलं, मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा. पुसलं नाही, तसंच सुकू दिलं. थर गेला, तपकिरी रंग शाबूत! किती बरं वाटलं.

आता सगळी नाणी पॉलिएस्टरच्या कप्प्यांत आहेत. तीन पैशांचं षटकोनी अ‍ॅल्युमिनियम तेवढं मनासारखं मिळायचंय.