कुंपण घालण्याआधी: आयताकृती प्लॉटची परिमिती कशी काढावी

एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीवर) जमिनीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. कुंपणाचा हिशेब मात्र त्यावरून होत नाही. ३०० चौरस मीटरचा प्लॉट २० × १५ मीटरचा असेल तर त्याचा घेर ७० मीटर, ३० × १० असेल तर ८०, आणि ६० × ५ ची लांबट पट्टी असेल तर तब्बल १३०. जमीन तेवढीच, पण तार जवळजवळ दुप्पट! म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी टेप घेऊन प्लॉटवर जा.

आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात, त्यामुळे लांबी-रुंदीची बेरीज करून ती दुप्पट करायची.

परिमिती = २ × (लांबी + रुंदी) = २ × (२० + १५) = ७० मीटर

कंस विसरला की २ × २० + १५ म्हणजे ५५ येतात. एक अख्खी बाजू उघडी राहते. एक माप फुटांत आणि दुसरं मीटरमध्ये असेल तर आधी एकच एकक करा (१ फूट = ०.३०४८ मीटर).

दोनच बाजू मोजून थांबू नका. चारही मोजा, टेप ताणून धरा. टेप लोंबला की माप जास्त येतं. मग दोन्ही कर्ण मोजा. २० × १५ च्या खऱ्या आयतात ते प्रत्येकी २५ मीटर भरतात. बाजू जुळल्या पण कर्ण जुळले नाहीत, तर परिमिती ७०च राहते, कोपरे मात्र काटकोनात नाहीत. समोरासमोरच्या बाजूच जुळत नसतील तर प्लॉट आयत नाही. तिथे सूत्र सोडा आणि चारही मापांची सरळ बेरीज करा.

आता खांब. दर अडीच मीटरला एक धरला तर ७० ÷ २.५ = २८. कुंपण फिरून पहिल्या खांबालाच येऊन मिळतं, म्हणून जितके गाळे (दोन खांबांमधली अंतरं) तितकेच खांब. सरळ रेषेत एक जास्त लागला असता. अडीच मीटरचं गेट ठेवलं तरी खांब २८च, कारण गेटलाही दोन्ही बाजूंनी खांब हवेतच. तार तेवढी कमी होते: ६७.५ मीटर, चार ओळींना २७०. शिवाय गेटच्या खांबांना गुंडाळून पीळ द्यायला प्रत्येक ओळीमागे थोडी जास्त घ्या.

चिऱ्यांची भिंत बांधायची असेल तर बाहेरून मोजलेल्या ७० मीटरमध्ये प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो. २० सेंटीमीटर जाडीच्या भिंतीसाठी ४ × ०.२ म्हणजे ०.८ वजा करा. चिऱ्यांचा हिशेब ६९.२ मीटरवर करा.

डोंगरउतारावरच्या जमिनीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. नकाशा आडवं अंतर दाखवतो, तार मात्र उतारावरून जाते. २० मीटरमागे ३ मीटर चढ असेल तर ती बाजू सुमारे २०.२२ मीटर भरते. अशा ठिकाणी टेप उताराला समांतर धरूनच मोजा.