‘नाही’ म्हणण्याची तालीम: सातवी-आठवीच्या मुलांसाठी व्यसनविरोधी नाटुकले

व्यसनविरोधी नाटकाच्या बहुतेक संहिता रुग्णालयातील खाटेपाशी येऊन थांबतात. परंतु तेरा वर्षांच्या मुलाला चाळिशीतला कर्करोग फार दूरचा वाटतो, जवळचा असतो तो शिकवणीवरून परतताना टपरीपाशी मित्राने पुढे केलेला हात. म्हणून नाटकाचा प्रसंग तोच असावा.

पहिल्या बैठकीत काहीही लिहू नये. मुलांना गोलात बसवून “तुमच्या वयाच्या मुलाला पहिल्यांदा कोण, कुठे, काय म्हणून देतो?” एवढेच विचारावे; स्वतःची कबुली कोणाकडूनही मागू नये. लालबाग आणि गोवंडी येथील उत्तरे एकसारखी येतीलच असे नाही. कुठे सुगंधी सुपारी निघते, कुठे मावा, कुठे आजीची मिश्री, तर कुठे हळदीच्या रात्री चुलतभावाने पुढे केलेली बिअर. “एवढ्याने काय होतंय?”, “तू अजून लहान आहेस” ही वाक्ये मुलांच्या मराठी-हिंदी मिसळीसह जशीच्या तशी संहितेत घ्यावीत.

ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांनी रुजवलेली फोरम रंगभूमीची पद्धत येथे उपयोगी पडते. सात-आठ मिनिटांच्या प्रसंगाचा शेवट नायकाच्या हार मानण्याने करावा, मग सूत्रधाराने तोच प्रसंग पुन्हा सुरू करावा आणि प्रेक्षकांतील कोणीही “थांबा” म्हणून नायकाची जागा घ्यावी. आग्रह करणाऱ्या नटांनी मात्र सहजासहजी नमते घेऊ नये. आमच्या एका प्रयोगात पुढे आलेल्या मुलाने तंबाखूच्या दुष्परिणामांवर भाषणच सुरू केले, “झालं का?” या मित्राच्या एका प्रश्नाने तो गडबडला. त्यानंतर आलेली मुलगी “माझी बस आली” एवढेच बोलून चालू लागली आणि आग्रह करणाऱ्या नटाला पुढचे वाक्य सुचेना.

दारुड्याचे सोंग शक्यतो टाळावे. त्यावर हशा हमखास मिळतो, पण ज्याचे वडील रोज पिऊन येतात तो मुलगाही त्याच प्रेक्षकांत बसलेला असतो. जिन्यावर अडखळणारी पावले ऐकू यावीत आणि बहिणीने घाईघाईने टीव्ही बंद करावा, एवढे पुरते. खरी पुडी किंवा बाटलीही वापरू नये, कारण तिची आयतीच जाहिरात होते. रिकामी मूठ पुरेशी आहे.

माहिती संवादातूनच यावी. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, हे टपरीवाल्याच्या तोंडी शोभते. सुपारीने तोंडाचे आतील अस्तर ताठर होत जाऊन तोंड पुरते उघडेनासे होते. एखाद्या पात्राने स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालण्याचा प्रयत्न करून दाखवावा, म्हणजे सारा वर्ग ते करून पाहतो. ज्याला ते जमत नाही त्याला सर्वांसमोर न टोकता नंतर दंतवैद्याकडे पाठवावे.

प्रयोग एका वेळी एकाच वर्गासमोर करावा. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा आणि सामान आवरण्याची घाई न करता शाळेच्या समुपदेशकांसह अर्धा तास तिथेच थांबावे. ज्याला काही सांगायचे असते, तो बहुधा वर्ग रिकामा झाल्यावरच परत येतो.