‘कॅशबॅक मिळेल’ म्हणजे नक्की कोण देणार? इलेक्ट्रॉनिक वस्तू घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर काय करावे

मार्च उजाडला की सोलापुरात कूलर, फ्रीज आणि एसीची खरेदी सुरू होते, आणि गुढीपाडव्याच्या आठवड्यात नवी पेठेतून चक्कर मारली तर जवळपास प्रत्येक दुकानाच्या फलकावर किमतीशेजारी एक लहानशी चांदणी (*), म्हणजे ‘अटी लागू’ची खूण, दिसते. मोठ्या अक्षरांत लिहिलेली किंमत ही आपण त्या दिवशी दुकानात मोजणार असलेली किंमत नसते. पुढे कधीतरी परत मिळणारी रक्कम तीतून आधीच वजा केलेली असते. या परत मिळणाऱ्या रकमेवर विश्वास ठेवावा का, असे मला अनेकजण विचारतात. माझे उत्तर असे आहे की वस्तू कोणती आणि कोठून घ्यायची हे ठरवताना कॅशबॅक शून्य धरावा, आणि एकदा वस्तू घेतली की मात्र तोच कॅशबॅक उधारी वसूल करावी तितक्या चिकाटीने वसूल करावा. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. खरेदीच्या वेळी त्या रकमेकडे पाहून हुरळतात आणि नंतर विसरतात.

ही पद्धत आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ‘मेल-इन रिबेट’ देण्याची प्रथा अनेक वर्षे जोरात होती. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजायची, खोक्यावरचा बारकोड कापायचा, बिलाची प्रत आणि भरलेला अर्ज लिफाफ्यात घालून मुदतीत टपालाने पाठवायचा आणि धनादेशाची आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. बारकोड कापलेले खोके बहुतेक दुकाने परत घेत नसत, म्हणजे अर्ज केला की वस्तू बदलण्याची वाटही जवळपास बंद होई. काही ग्राहक अर्जच करणार नाहीत, काहींचा अर्ज चुकेल आणि काहींची मुदत टळेल, हे कंपन्यांना ठाऊक असे आणि सवलतीचा हिशेब त्यावरच बसवलेला असे. आपल्याकडे लिफाफ्याची जागा संकेतस्थळाने आणि कार्ड घासण्याच्या यंत्राने घेतली आहे, पण हिशेब तोच आहे.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ‘किती मिळणार?’ असा न विचारता ‘पैसे कोण देणार?’ असा विचारावा. देणारे तीन प्रकारचे असतात. पहिला स्वतः दुकानदार. तो देणार असेल तर ती रक्कम बिलातच कमी करून मागावी; ‘पुढच्या खरेदीवर कूपन’ ही सवलत नव्हे, ते पुन्हा दुकानात येण्याचे आमंत्रण आहे. दुसरी देणारी बँक. बँकेची सवलत दोन तऱ्हांची असते. ‘इन्स्टंट डिस्काउंट’ असेल तर कार्ड घासतानाच रक्कम कमी होते आणि पावतीवर तशी छापून येते, त्यामुळे तिच्याबद्दल शंकेला फारशी जागा राहत नाही. ‘कॅशबॅक’ असेल तर पूर्ण रक्कम कापली जाते आणि सवलत ९० किंवा १२० दिवसांनी कार्डाच्या खात्यात जमा होते. येथे अटींची रांग असते: किमान खरेदी, एका कार्डावर एकदाच, केवळ हप्त्यांच्या व्यवहारावर, हप्ते मुदतीपूर्वी फेडले तर अपात्र. तिसरी देणारी उत्पादक कंपनी. लॅपटॉप आणि प्रिंटरच्या बाबतीत हे जास्त दिसते. बिल आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र कंपनीच्या संकेतस्थळावर ठरावीक दिवसांत चढवायचे आणि मग रक्कम, भेटवस्तू किंवा वाढीव वॉरंटी मिळायची. जुन्या टपाली रिबेटचा हा सख्खा वारसदार आहे आणि तिघांत सर्वाधिक घसरगुंडी येथेच होते, कारण मुदत लहान असते आणि सारे काम ग्राहकाच्या अंगावर असते.

फलकावरील ‘पर्यंत’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. ‘५,००० रुपयांपर्यंत’ याचा अर्थ त्या श्रेणीतील सर्वांत महागड्या मॉडेलवर आणि एखाद्या विशिष्ट कार्डावर ५,०००; आपण पाहत असलेल्या मॉडेलवर ते १,५०० असू शकतात.

आता माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या उकाड्यात मी एका दुकानातून ३८,५०० रुपयांचा एसी घेतला. त्यावर ३,००० रुपयांचा बँक कॅशबॅक होता. मी खोदून विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, नव्वद दिवसांत जमा होतंय बघा, काय काळजी करू नका.” मी कार्डाची पावती बिलाला टाचली, दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाटात ठेवली. जुलैच्या अखेरीस रक्कम आली नाही म्हणून पाकीट उघडले तेव्हा बिल जसेच्या तसे होते आणि पावती कोरी पांढरी झाली होती. कार्ड यंत्राची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते. त्यावर शाई नसतेच, त्यामुळे उष्णता आणि प्लास्टिकचा सहवास दोन्ही तिला मारक ठरतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचे कपाट म्हणजे भट्टीच. बँकेच्या माणसाने फोनवर सांगितले की हा व्यवहार त्यांच्याकडे साधी विक्री म्हणून नोंदला आहे, योजनेखाली नाही. पावतीवर योजनेचा उल्लेख होता असे मला अजूनही वाटते, पण कोऱ्या कागदाच्या आधारे वाद घालता येत नाही. ते ३,००० गेले.

त्या फोनवरून एक उपयोगी गोष्ट मात्र कळली. दुकानातील कार्ड यंत्रावर साधी विक्री आणि कंपनीच्या योजनेचा हप्ता, म्हणजे ‘ब्रँड ईएमआय’, हे दोन वेगळे मार्ग असतात. दुसऱ्या मार्गात विक्रेत्याला कंपनी, मॉडेल आणि बहुधा वस्तूचा अनुक्रमांक किंवा मोबाइलचा आयएमईआय क्रमांक टाकावा लागतो आणि मगच पावतीवर हप्ता, व्याजदर आणि कॅशबॅकची रक्कम छापली जाते. गर्दीच्या वेळी विक्रेता साधी विक्री करतो आणि ‘नंतर ॲपमधून हप्ते करून घ्या’ म्हणतो. तसे हप्ते होतात, पण कॅशबॅक बहुधा हुकतो. म्हणून पिन टाकण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावर कॅशबॅकची रक्कम दिसते का ते पाहावे आणि दिसत नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. मागे रांग असली तरी संकोच करू नये.

दुकानात पाऊल ठेवण्याआधी एक हिशेब घरीच करून जावा, कारण ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवला जाणारा, हप्ता तितकासा फुकट नसतो. समजा टीव्ही ४८,००० रुपयांचा आहे, ४,००० रुपयांचे १२ हप्ते आहेत आणि ३,००० रुपयांचा कॅशबॅक आहे. बँकेचा वार्षिक व्याजदर १६ टक्के असेल तर या हप्त्यांत सुमारे ३,९०० रुपयांचे व्याज दडलेले असते आणि तेवढी सूट आधी देऊन ते झाकलेले असते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७०० रुपये, ग्राहकालाच भरावा लागतो. शिवाय १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असेल तर जीएसटीसह आणखी २३५. म्हणजे ३,००० मधले जवळपास ९४० रुपये आधीच गेले आणि हाती उरले २,०६०, तेही चार महिन्यांनी आणि आले तर. त्याच टीव्हीवर शेजारचा दुकानदार रोखीने किंवा यूपीआयने २,५०० रुपये तेथल्या तेथे सोडत असेल तर विचार करण्यासारखे काही उरत नाही. आणि तो सोडतो. विचारावे मात्र लागते.

बिलाबाबत तडजोड करू नये. ‘कच्चे बिल चालेल का?’ या प्रश्नाला नकारच द्यावा. पक्क्या बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, अनुक्रमांक, तारीख आणि जीएसटी क्रमांक असावा, आणि ज्याचे कार्ड त्याच्याच नावाने बिल असावे. आपल्याकडे कार्ड मुलाचे आणि बिल वडिलांच्या नावाने असा प्रकार सर्रास होतो, आणि अर्ज नाकारायला तेवढे कारण पुरते. आपले दुकान किंवा यंत्रमागाचा कारखाना असेल आणि व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर बिल घ्यायचे असेल, तर योजना व्यावसायिक खरेदीला लागू आहे का हे आधी पाहावे. काही योजनांत ती वगळलेली असते. विक्रेत्याने तोंडी दिलेले आश्वासन बिलावर एका ओळीत लिहून, शिक्का मारून घ्यावे: ‘अमुक बँकेचा ३,००० रुपये कॅशबॅक, अमुक तारखेपर्यंत’. लिहून द्यायला तो कचरत असेल तर त्यातूनच काय ते समजावे.

‘ही आमची नाही, कंपनीची योजना आहे’ हे उत्तर दुकानदार हमखास देतो. अमेरिकेतही ते दिले जाई. २००५ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, कॉम्प्युएसए या दुकानसाखळीला, क्यूपीएस या उत्पादक कंपनीने थकवलेल्या रिबेटबद्दल जबाबदार धरले, कारण त्या रिबेटची जाहिरात दुकानानेच केली होती. तो निर्णय तेथला आहे. आपल्याकडे दुकानदाराला बांधून घ्यायचे तर बिलावरची ती एक ओळ आणि फलकाचे छायाचित्र हीच साधने.

घरी आल्यावर त्याच रात्री, खोके उघडण्याच्या उत्साहात असतानाच, बिल, कार्डाची पावती, खोक्यावरील अनुक्रमांकाची पट्टी आणि योजनेचा अटींसह फलक यांची छायाचित्रे काढून स्वतःलाच ईमेल करावीत. पावती प्लास्टिकमध्ये न ठेवता तिची झेरॉक्स ठेवावी. कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी असेल तर तीही त्याच रात्री करून, शेवटी येणाऱ्या नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्यावा. खोके योजना पूर्ण होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मुदत संपण्याच्या दिवसाची आठवण लावावी.

मुदत संपली आणि रक्कम आली नाही तर फोनवर वेळ न घालवता लेखी लिहावे. मजकूर लांबवू नये. ‘मी दिनांक अमुक रोजी अमुक दुकानातून अमुक मॉडेल, अनुक्रमांक अमुक, आपल्या कार्डावर, शेवटचे चार अंक अमुक, अमुक योजनेखाली खरेदी केले. योजनेनुसार ३,००० रुपये दिनांक अमुकपर्यंत जमा होणे आवश्यक होते. ते झालेले नाहीत. बिल, पावती आणि योजनेच्या अटी सोबत जोडल्या आहेत. रक्कम जमा करावी किंवा नाकारण्याचे कारण अटीच्या क्रमांकासह लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण अटीचा क्रमांक मागितला की मोघम उत्तर देणे अवघड होते. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही.

कंपनी किंवा दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे ग्राहकाला जेथे तो राहतो तेथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी तक्रार सोलापूरच्या आयोगात दाखल होते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ‘डिस्क्लेमर’, म्हणजे दाव्याला जोडलेल्या अटी-खुलाशाचा मजकूर, मूळ दाव्याच्याच भाषेत असावा असे म्हटले आहे. फलक मराठीत आणि चांदणीखालच्या अटी बारीक इंग्रजीत, हे दृश्य आपल्या बाजारात रोजचे आहे. अशा फलकाचे छायाचित्र तक्रारीला जोडावे.

या वाट पाहण्याच्या काळात एक सावधगिरी हवी. ‘तुमचा कॅशबॅक मंजूर झाला आहे, पिन टाकून स्वीकारा’ असा संदेश किंवा फोन आला तर तो लबाडीचा समजावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

गेल्या वर्षी भाच्यासाठी लॅपटॉप घेताना मी हे सारे शिस्तीने केले आणि तरीही रक्कम आली नाही असे समजून तक्रार लिहायला बसलो होतो. सहज कार्डाचे मागील महिन्याचे विवरणपत्र पुन्हा चाळले तेव्हा २,५०० रुपयांची जमा नोंद सापडली. तिच्यापुढे ना लॅपटॉप कंपनीचे नाव होते ना दुकानाचे, केवळ इंग्रजी आद्याक्षरे आणि एक लांबलचक क्रमांक. संदेशही आला नव्हता, आणि रक्कम बचत खात्यात न येता कार्डाच्या देयकातून वळती झाली होती.